भावनांचे परराष्ट्र धोरण

'भावना दुखावणे' हा शब्दप्रयोग मराठी वाचकाला नवा नाही. एखादे नाटक बंद पडते, एखादे पुस्तक मागे घेतले जाते, एखाद्या वक्त्याचे निमंत्रण ऐनवेळी रद्द होते आणि दर खेपेस कोणाच्या तरी भावना दुखावलेल्या असतात. ज्यांच्या दुखावल्या त्यांची मोजदाद कधी होत नाही. त्यांनी ते पुस्तक वाचले होते का, हा प्रश्नही कोणी विचारत नाही. भाषेच्या अभ्यासकाला या शब्दप्रयोगात एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यात कर्ता लपलेला असतो आणि कर्म फार मोठे असते. 'मला राग आला' असे म्हणणाऱ्याला रागाचे कारण द्यावे लागते, 'समाजाच्या भावना दुखावल्या' असे म्हणणाऱ्याला ते द्यावे लागत नाही.

हाच शब्दप्रयोग एखाद्या बलाढ्य राष्ट्राने आपल्या परराष्ट्र धोरणाच्या परिभाषेत कायमचा बसवला तर काय होते, हे पाहायचे असेल तर चीनकडे पाहावे. 'चिनी जनतेच्या भावना दुखावल्या' हे वाक्य बीजिंगने गेल्या काही दशकांत कितीतरी देशांना ऐकवले आहे. दलाई लामांना कोणी भेटले, तैवानला कोणी शस्त्रे विकली की हे वाक्य येते. २०१८ मध्ये मर्सिडीज-बेंझ या कंपनीने एका जाहिरातीत दलाई लामांचे एक वचन वापरले, तेव्हा कंपनीला चिनी जनतेची माफी मागावी लागली. अभ्यासकांनी 'पीपल्स डेली' या पक्षाच्या मुखपत्राचे जुने अंक चाळून या वाक्याचा उगम शोधला आहे. त्यांना सापडलेला पहिला वापर १९५९ सालचा आहे आणि तो सीमावादाच्या संदर्भात भारताला उद्देशून केलेला आहे. म्हणजे या वाक्याचे पहिले श्रोते आपणच. निदान एवढ्यासाठी तरी त्याची चिकित्सा करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

परराष्ट्र धोरण हा राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांचा प्रांत, त्यात मराठीच्या अध्यापकाने कशाला पडावे, असा आक्षेप कोणी घेईल. माझे उत्तर असे की, या धोरणाच्या मध्यभागी एक साहित्याचा अध्यापक उभा आहे. त्याचे नाव लिऊ श्याओबो.

लिऊंचा जन्म १९५५ चा, चांगचुन शहरातला. चिनी साहित्याचा अभ्यास करून ते बीजिंग नॉर्मल विद्यापीठात अध्यापन करू लागले आणि तेथेच १९८८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता सौंदर्य आणि मानवी स्वातंत्र्य यांचा संबंध. माओनंतरच्या ज्या 'नव्या कालखंडातील साहित्या'चे सगळे कौतुक करत होते, त्यावर त्यांनी १९८६ मध्ये इतकी कडक टीका केली की ते एकाएकी प्रसिद्ध झाले. थोडक्यात, आपल्या चर्चासत्रांतून भेटतो तसा हा एक तापट, हुशार, थोडासा आढ्यताखोर समीक्षक होता. १९८९ च्या वसंत ऋतूत ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अभ्यागत म्हणून गेले होते. तिआनआनमेन चौकात विद्यार्थी जमले आहेत हे कळल्यावर ते तिथले काम सोडून परतले. २ जूनला त्यांनी आणखी तिघांसह चौकात उपोषण सुरू केले. ४ जूनच्या पहाटे रणगाडे चौकात आले, तेव्हा या चौघांनी सैन्याशी बोलणी करून आणि विद्यार्थ्यांची समजूत घालून उरलेल्यांना चौकातून बाहेर पडण्याची वाट मिळवून दिली. शहराच्या इतर रस्त्यांवर त्या रात्री माणसे मारली गेली. लिऊंच्या वाट्याला अटक आली, नोकरी गेली आणि पुढची वीस वर्षे तुरुंग, श्रमशिबिर, पाळत यांतच गेली.

८ डिसेंबर २००८ रोजी त्यांना पुन्हा पकडण्यात आले. दोन दिवसांनी 'सनद ०८' प्रसिद्ध झाली. तीनशेहून अधिक लेखक, वकील, अध्यापक यांच्या सह्यांचे हे निवेदन राज्यघटनावाद, मतस्वातंत्र्य, स्वतंत्र न्यायव्यवस्था अशा मागण्या करणारे होते. २५ डिसेंबर २००९ रोजी, सारे जग नाताळच्या सुटीत असताना, बीजिंगच्या न्यायालयाने लिऊंना अकरा वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हा होता 'राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी'. पुरावा होता ही सनद आणि त्यांचे सहा लेख. शस्त्र नाही, कट नाही, पैशांचा व्यवहार नाही. केवळ सहा निबंध आणि एक निवेदन.

टिळकांचे अग्रलेख वर्गात शिकवताना मला या खटल्याची आठवण होते. १९०८ साली 'केसरी'तील लेखांसाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. मूळ मराठी लेख बाजूला राहिले आणि सरकारी भाषांतरकाराच्या इंग्रजीवर निकाल ठरणार अशी स्थिती झाली. कोणत्या मराठी शब्दाची छटा काय, यावर टिळकांना न्यायालयात अक्षरशः शब्दार्थाचा तास घ्यावा लागला. एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले होते, "सर, मग शिक्षा लेखाला झाली की भाषांतराला?" प्रश्न भाबडा नव्हता. राजद्रोहाच्या खटल्यात न्यायाधीश हा मुळात वाचक असतो आणि अशा वाचकाला लेखाचा अर्थ हवा नसतो, हेतू हवा असतो. त्याआधीच्या, १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कायद्यातल्या 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला होता. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! वसाहतीच्या सत्तेलाही भावनाच हव्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

या दोन खटल्यांत एक फरक मात्र आहे आणि तो आजच्या सत्तेला शोभणारा नाही. परक्या सरकारच्या न्यायालयाने टिळकांना एकवीस तास बोलू दिले. स्वकीयांच्या न्यायालयाने लिऊंचा सारा खटला तीन तासांच्या आत उरकला.

येथपर्यंतची कथा चीनच्या अंतर्गत राजकारणाची झाली. ती परराष्ट्र संबंधांची कथा झाली ८ ऑक्टोबर २०१० रोजी. त्या दिवशी लिऊंना शांततेचे नोबेल जाहीर झाले. ही निवड नॉर्वेच्या संसदेने नेमलेली पाच जणांची समिती करते. सरकारचा तिच्या निर्णयाशी संबंध नसतो, हे नॉर्वेने परोपरीने सांगितले. बीजिंगला ते पटले नाही, किंवा पटवून घ्यायचे नव्हते. ओस्लोतील समारंभाला जाऊ नये असे चीनने देशोदेशींच्या राजदूतांना कळवले आणि डझनाहून अधिक देश गेलेही नाहीत. भारताचे प्रतिनिधी मात्र उपस्थित होते, ही गोष्ट आपण विसरू नये. १० डिसेंबरला पारितोषिक स्वीकारायला ना लिऊ होते, ना त्यांच्या पत्नी. कवयित्री आणि छायाचित्रकार असलेल्या लिऊ श्या यांना घरातच कोंडून ठेवण्यात आले होते. व्यासपीठावर एक रिकामी खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर पदक व प्रशस्तिपत्र. लिऊंनी खटल्यासाठी लिहिलेले निवेदन अभिनेत्री लिव उलमान यांनी वाचले. त्यात द्वेष नव्हता. आपले कोणी शत्रू नाहीत असे त्यांनी म्हटले होते आणि शब्दांसाठी शिक्षा भोगणारा आपण चीनमधला शेवटचा माणूस ठरावा, अशी आशा व्यक्त केली होती. शब्दांपायी होणाऱ्या शिक्षेला चिनी भाषेत 'वेन्झी-यू' असा जुना शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'अक्षरांचा तुरुंग'. ज्या भाषेला असा शब्द घडवावा लागला, त्या भाषेतल्या लेखकांचा इतिहास वेगळा सांगण्याची गरज नाही.

चिनी इंटरनेटवर त्या दिवसांत 'रिकामी खुर्ची' हे शब्दही शोधता येईनात. प्रतिमेचे सामर्थ्य कशात असते हे आम्ही वर्गात पाच-सहा तास घेऊन समजावतो. सेन्सॉरला ते एका दिवसात समजले होते.

नॉर्वेला मग शिक्षा सुरू झाली. मुक्त व्यापाराची बोलणी थांबली, मंत्र्यांच्या भेटी बंद झाल्या, नॉर्वेच्या सामन माशांवर चिनी बंदरांत नव्या तपासण्या बसल्या. समीक्षकाच्या गुन्ह्याची भरपाई माशांनी करावी, ही कल्पना एखाद्या प्रहसनात शोभली असती. पण हे प्रहसन सहा वर्षे चालले. २०१४ च्या मे महिन्यात दलाई लामा ओस्लोला आले, तेव्हा नॉर्वेच्या सरकारमधील कोणीही त्यांना भेटले नाही. १९८९ चे शांततेचे नोबेल याच शहरात त्यांना देण्यात आले होते. अखेर १९ डिसेंबर २०१६ रोजी दोन्ही देशांचे संयुक्त निवेदन निघाले आणि संबंध पूर्ववत झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे निवेदन एकदा संहिता म्हणून वाचावे, अशी माझी शिफारस आहे. त्यात लिऊंचे नाव नाही. पारितोषिकाचा उल्लेख आहे, पण त्यानंतर संबंध बिघडले एवढ्यापुरता. पुढे नॉर्वे चीनच्या विकासमार्गाचा आणि समाजव्यवस्थेचा आदर करतो, चीनच्या 'गाभ्याच्या हितां'ना मोठे महत्त्व देतो, त्यांना बाधा आणणाऱ्या कृतींना पाठिंबा देणार नाही आणि संबंध पुन्हा बिघडू नयेत यासाठी शक्य ते सारे करील, असा आशय आहे. 'गाभ्याची हिते' म्हणजे काय? २०११ च्या चिनी श्वेतपत्रिकेत ती मोजून दिली आहेत. सार्वभौमत्व, राष्ट्रीय सुरक्षा, प्रादेशिक अखंडता आणि राष्ट्राचे एकीकरण हे त्यात आहेच. हे कोणत्याही देशाच्या यादीत असेल. पण त्याच यादीत देशाची राजकीय व्यवस्था आणि समाजाचे स्थैर्यही आहे. याचा अर्थ असा की, पक्षाची सत्ता हे राष्ट्राच्या गाभ्याचे हित आहे आणि त्या सत्तेवर लिहिलेला निबंध हा सीमेवरील अतिक्रमणाच्याच पंक्तीला बसतो. या पंक्तिभेदाच्या अभावातच सारे राजकारण आहे. नॉर्वेसारख्या जुन्या लोकशाहीने ही यादी उघडून न पाहता तिच्यावर सही केली असेल, असे मानणे कठीण आहे.

त्यानंतर सात महिन्यांनी, १३ जुलै २०१७ रोजी, लिऊ शेनयांगच्या रुग्णालयात यकृताच्या कर्करोगाने वारले. आजार शेवटच्या अवस्थेत गेल्यावर त्यांना तुरुंगातून रुग्णालयात हलवले होते. उपचारासाठी परदेशी जाण्याची त्यांची इच्छा होती आणि प्रवास शक्य आहे असा निर्वाळा तेथे गेलेल्या जर्मन व अमेरिकन डॉक्टरांनी दिला होता. परवानगी मिळाली नाही. दोन दिवसांतच अस्थी समुद्रात सोडण्यात आल्या. समाधी नको, कारण समाधीपाशी लोक जमतात. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचे म्हणणे एवढेच होते की, ही आमची अंतर्गत बाब आहे.

'अंतर्गत बाब' हा तिसरा शब्द. भारतीयांना तो अतिशय परिचित आहे. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक व्यापाराचा करार झाला आणि त्याच्या प्रास्ताविकेत पंचशील आले. एकमेकांच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप न करणे हे त्यातले तिसरे तत्त्व. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, परकीयांच्या हस्तक्षेपाने पोळलेल्या राष्ट्रांना हे तत्त्व ढालीसारखे वाटले आणि ते तसे होतेही. पण ज्या करारात ते आले तो तिबेटविषयी होता आणि त्यात तिबेटींचा आवाज नव्हता. ढाल कोणाच्या हातात आहे आणि तिच्यामागे कोण सापडले आहे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. आज चीन हे तत्त्व एका बाजूने वापरतो. आपल्या तुरुंगाविषयी ओस्लोतील पाच माणसांनी मत देणे हा हस्तक्षेप, पण ओस्लोतील पाच माणसांनी कोणाला पारितोषिक द्यावे हे बीजिंगने सांगणे हा हस्तक्षेप नव्हे.

या मांडणीवर दोन गंभीर आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, पाश्चात्त्यांनी चीनला नीतिपाठ द्यावेत ही थट्टा आहे. अफूच्या युद्धांपासून पुढचे शतक चीनने जे सोसले त्याची स्मृती तेथे जिवंत आहे आणि 'दुखावलेल्या भावना' हे सारे ढोंग नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. अपमानाची स्मृती खरी असते. पण ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न उरतोच. हाँगकाँगमध्ये २०२२ च्या सप्टेंबरात पाच वाचाउपचारतज्ज्ञांना प्रत्येकी एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी लहान मुलांसाठी मेंढ्या आणि लांडगे यांच्या चित्रमय गोष्टी काढल्या होत्या. शिक्षा कोणत्या कायद्याने झाली? ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या राजद्रोहाच्या कायद्याने. टिळकांना मंडालेला धाडणाऱ्या कलमाचाच तो भाऊबंद. वसाहतवादाविरुद्धचा संताप खरा असता, तर हे हत्यार सर्वांत आधी मोडले गेले असते. आपल्या देशाने ते कलम किती दशके सांभाळले हे आठवले, तर आपल्यालाही फार ताठ मानेने बोलता येणार नाही.

दुसरा आक्षेप लिऊंविषयीच आहे. १९८८ मध्ये एका हाँगकाँगच्या मासिकाला मुलाखत देताना ते म्हणाले होते की, शंभर वर्षांच्या वसाहतीमुळे हाँगकाँग असे घडले, चीनला घडायला तर तीनशे वर्षे लागतील. इराक युद्धालाही त्यांनी पाठिंबा दिला होता. दीडशे वर्षे पारतंत्र्यात काढलेल्या देशातल्या वाचकाला पहिले विधान झोंबणारच. मलाही ते चूक आणि उथळ वाटते. पण येथेच आपली परीक्षा आहे. आपल्याला आवडणाऱ्या मतांच्या माणसासाठी स्वातंत्र्य मागायला फारसे काही लागत नाही. लिऊंची कितीतरी मते खोडून काढता येतील, कोणी ती वर्गात सविस्तर खोडावीत. अकरा वर्षांचा तुरुंग हे खंडन नव्हे. समीक्षेला उत्तर समीक्षेनेच देता येते, ही आपल्या व्यवसायाची अगदी प्राथमिक श्रद्धा आहे.

याला जोडूनच मो यान यांचा उल्लेख करायला हवा. २००० साली गाओ शिंगच्यान या चिनी भाषेत लिहिणाऱ्या, पण फ्रान्सचे नागरिकत्व घेतलेल्या लेखकाला साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा बीजिंगने ते राजकीय म्हणून झिडकारले. २०१२ मध्ये मो यान यांना मिळाले, तेव्हा पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळातून अभिनंदनाचे पत्र आले. त्याच वर्षी माओच्या येनानमधील भाषणांच्या सत्तराव्या वर्षानिमित्त निघालेल्या हस्तलिखित आवृत्तीत मो यान यांनी आपल्या हाताने मजकूर उतरवून दिला होता. साहित्य राजकारणाच्या सेवेत असावे असे बजावणारी हीच ती १९४२ ची भाषणे. त्यावरून जगभर त्यांच्यावर टीका झाली. पण याच मो यान यांनी पारितोषिक जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, लिऊंना लवकरात लवकर स्वातंत्र्य मिळावे अशी आशा पत्रकारांसमोर बोलून दाखवली. 'मो यान' या टोपणनावाचा अर्थच 'बोलू नको' असा आहे. व्यवस्थेत राहून लिहिणाऱ्याला आपण किती झोडपावे, याचा निवाडा मी तरी आरामखुर्चीतून करणार नाही. २०२४ मध्ये एका राष्ट्रवादी ब्लॉगलेखकाने मो यान यांच्यावरच दावा लावण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या कादंबऱ्यांनी वीरांचा आणि हुतात्म्यांचा अपमान केला, सबब प्रत्येक चिनी नागरिकामागे एक युआन या हिशेबाने दीड अब्ज युआन भरपाई द्यावी, अशी मागणी होती. न्यायालयाने दावा दाखल करून घेतला नाही. पण भावनांचे परराष्ट्र धोरण घरी परतले की कोणाच्या दारावर थाप मारते, ते यातून दिसले.

म्हणूनच मला शेवटी जे आशादायक वाटते तेही चीनमधूनच आलेले आहे. २०२३ च्या सप्टेंबरात एका कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर आला. 'चिनी राष्ट्राच्या भावना दुखावणारे' कपडे घालणे किंवा मजकूर पसरवणे दंडनीय करावे, असा प्रस्ताव त्यात होता. तेव्हा चीनमधल्याच कायद्याच्या प्राध्यापकांनी आणि सामान्य लोकांनी उघडपणे विचारले की, राष्ट्राच्या भावना कोण ठरवणार? रस्त्यावरचा पोलीस? पुढच्या मसुद्यातून ते शब्द गाळण्यात आले. जो शब्दप्रयोग परक्या सरकारांना सहा दशके ऐकवला गेला, तो स्वतःच्या नागरिकांवर उगारताच त्याचे पोकळपण त्यांनाच प्रथम दिसले. 'चिनी जनता' नावाची एक सलग, हळवी, एकाच वेळी दुखावली जाणारी वस्तू अस्तित्वात नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता? लिऊ श्याओबोही चिनी जनताच होते. त्यांच्या भावनांची नोंद मात्र कोणत्याही निवेदनात नाही.

आपण काय करावे? मासे विकायचे की नाही हे ठरवणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती शब्द आहेत आणि ते वाचायला शिकणारी मुले आहेत. लिऊंची आशा खरी ठरली नाही. त्यांच्या निवेदनानंतर पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, बीजिंगमधल्याच एका विद्यापीठातील उइघुर अध्यापक इल्हाम तोहती यांना जन्मठेप झाली. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यांत त्यांची वर्गातली व्याख्यानेही होती. वर्गात बोललेले वाक्य! आपण दिवसाला अशी शेकडो बोलतो. उद्या कोणी आपल्याला सांगितले की अमुक एका पुस्तकाने भावना दुखावतात, ते अभ्यासक्रमातून काढा, तर पहिला प्रश्न व्याकरणाचा विचारावा. या वाक्यात कर्ता कोण? तो नाव सांगून समोर येईपर्यंत पुस्तक फळीवरून हलवू नये. ओस्लोच्या त्या रिकाम्या खुर्चीत बसण्याचा मान आपल्याला कोणी देणार नाही, पण वर्गातली आपली खुर्ची आपण होऊन रिकामी करू नये, एवढे तरी आपल्याला जमायला हवे.